चुकीच्या खणातली मान

चौदा महिन्यांपूर्वी आलेलं एक पत्र ग्रंथपालांनी जाडजूड शब्दकोशात, अगदी मधोमध, ठेवून दिलं होतं. हरवू नये म्हणून, असं ते स्वतःला सांगत. खरं म्हणजे दिसू नये म्हणून!

पत्र थोरल्या बहिणीचं होतं. तिला अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला होता. फोनवर तिची जीभ अडखळे, म्हणून तिनं लुळ्या उजव्या हातानं तीन आठवडे खपून चार पानं लिहिली होती. ओळी अशा, की मुंग्यांची रांग उतारावरून घसरत चाललीये! "माझ्या मानेतल्या रक्तवाहिनीत थर साचला होता," तिनं लिहिलं होतं. "त्यातला कण सुटला आणि थेट मेंदूत जाऊन बसला. बाबाही असेच गेले. तू माझाच भाऊ. मानेची सोनोग्राफी करून घे आणि कळव. उत्तर आलं नाही तर मी समजेन, तुझाही हात गेला."

ग्रंथपालांचा हात ठणठणीत होता. तरी उत्तर गेलं नाही. 'तपासली' लिहावं तर खोटं, 'नाही तपासली' लिहावं तर लाज, आणि खरोखर तपासायला जावं तर भीती! बायकोनं विचारलं होतं, "ताईंना उत्तर लिहिलंत ना?" त्यावर पुस्तकातून डोकं वर न काढता ते "हो" म्हणून गेले होते. आयुष्यात ते फार कमी खोटं बोलले होते, त्यामुळे हे खोटं चपलेतल्या खड्यासारखं रोज टोचे.

पुढे बायकोलाच चक्कर यायला लागली आणि डॉक्टरांनी तिच्या मानेची सोनोग्राफी लिहून दिली. ग्रंथपालांना एकदम हुरूप आला.

"फाईल माझ्याकडे दे," ते म्हणाले. "तू फक्त बसायचं. पस्तीस वर्षांत माझ्या हातून एक कार्ड चुकीच्या खणात गेलेलं नाही!"

"घरातल्या किल्ल्या मात्र रोज जातात," बायको म्हणाली.

तपासणी केंद्रात तोबा गर्दी होती. बायको जरा हातपाय धुऊन येते म्हणून गेली आणि नेमका तिचाच नंबर पुकारला. ग्रंथपाल फाईल छातीशी धरून उठले ते एवढंच सांगायला, की पेशंट येतेय, दोन मिनिटं थांबा. पण तंत्रज्ञ बाईंनी त्यांच्या हातातली चिठ्ठी घेतली, नंबर मशीनमध्ये टाकला आणि पडदा सरकवला.

"आजोबा, कॉलरचं बटण काढा. आडवे व्हा."

"अहो, पण मी..."

"घाबरायचं काही नाही हो!"

पांढऱ्या कोटातल्या माणसापुढे ग्रंथपालांचं वाक्य कधी पूर्ण झालेलं नव्हतं. ते आडवे झाले. मानेला थंडगार जेल फासलं गेलं.

"बाई, एक घोटाळा..."

"बोलू नका! चित्र हलतं."

बाईंनी मशीनचा दांडा गळ्यावर फिरवला. पडद्यावर धुक्यातल्या बोगद्यासारखं काहीतरी दिसू लागलं आणि खोलीभर आवाज घुमला : फस्स! फस्स! धोब्यानं दगडावर चादर आपटावी तसा. हे आपलंच रक्त इतका गोंगाट करतंय, याचीच ग्रंथपालांना लाज वाटली.

"पण मुळात पेशंट..."

"आवंढासुद्धा गिळू नका!"

मग बाई "हं" म्हणाल्या. दांडा पुन्हा त्याच जागी आणून पुन्हा "हं". तिसऱ्या "हं"ला ग्रंथपाल पडद्याकडे चोरून बघू लागले.

"डाव्या बाजूला थर दिसतोय," बाई म्हणाल्या. "पुसून घ्या. रिपोर्ट उद्या. पुढचा नंबर!"

बाहेर बायको ताजीतवानी होऊन उभी होती. "झाला का नंबर?"

हीच खरं सांगायची वेळ होती! पण पन्नास माणसं बघत होती, गळा चिकट झाला होता. "दुसरा नंबर काढावा लागेल," एवढंच ते पुटपुटले.

खिडकीवर विचारलं, "पेशंटचं नाव?" मागून लोक ढकलत होते. ग्रंथपालांनी झटकन हिशेब केला : आपली मान तिच्या नावावर गेली, तर तिची आपल्या नावावर जाऊ द्या. उद्या रिपोर्ट आपणच आणायचे, दोन कागदांची अदलाबदल करायची. दोन पुस्तकांची कार्डं उलटी लागली तर काय करतो? पाच मिनिटांचं काम! त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं. बायकोला दुसऱ्या मशीनवर घेतलं. तिथला माणूस सगळा वेळ खांद्यात फोन अडकवून बोलत होता. आपण पुरुष तपासतोय की बाई, याची त्याला गंधवार्ताही नसावी.

दुसऱ्या दिवशी ग्रंथपाल बूट घालत होते, एवढ्यात लेक दारात!

"रिपोर्ट मीच आणले, केंद्र वाटेतच होतं. आई, तू बस. आधी बस! तुझ्या मानेची नळी साठ टक्के बंद आहे!"

"अगं बाई!"

"आणि बाबांची? एकदम लख्ख! पण बाबा, तुम्ही कधी तपासलंत?"

ग्रंथपालांच्या एका पायात बूट होता. "म्हटलं... आलोच आहोत तर..."

"ताईंनी पत्रात लिहिलं होतं ना, म्हणून," बायको कौतुकानं म्हणाली. "बघ, ऐकतात हो बहिणीचं!"

ग्रंथपालांना धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. धरणी बधली नाही.

पुढचे चार दिवस घराचा नुसता दवाखाना झाला. नेहमीच्या डॉक्टरांनी बायकोला रक्त पातळ करायची गोळी सुरू केली आणि मोठ्या डॉक्टरांची वेळ घेतली. लेकीनं घरातलं मीठ कुलपात ठेवलं. जावई हातवाली खुर्ची घेऊन आले. शेजारचे निवृत्त हेडमास्तर रोज येऊन ग्रंथपालांची पाठ थोपटत, "या वयात अशी मान! खाता तरी काय हो?"

"पुस्तकं," लेक परस्पर सांगे.

ग्रंथपाल तोंड उघडत आणि मिटत, बरणीतल्या माशासारखे. रात्रीच नव्हे, भर दुपारीसुद्धा त्यांना मानेतला तो कण निघायच्या तयारीत बसलेला दिसे, पिशवी काखोटीला मारून! सकाळी गोळी बायको गिळे आणि घाम ग्रंथपालांना फुटे.

चौथ्या दिवशी बायकोनं त्यांना स्वयंपाकघरात नेलं. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी होती : साखर. चहा. डाळ.

"हे कशाला?"

"मला काही झालं तर साखर शोधायला शब्दकोश उघडाल तुम्ही!" ती हसली. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "बरं झालं, माझ्याच मानेत निघालं. तुमच्यात निघालं असतं तर डॉक्टरांना विचारलंही नसतं तुम्ही. मनातल्या मनात कुढत बसला असतात."

"अगं, मला..."

"रडू नका हो! साठच टक्के आहे."

मोठे डॉक्टर स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय कशावर विश्वास ठेवणारे नव्हते. त्यांनी बायकोला आडवं करून दांडा फिरवला. उजवीकडे, डावीकडे, पुन्हा डावीकडे. रिपोर्ट पाहिला, मशीनवर चापट मारली.

"थर गेला कुठे?"

"गोळीनं विरघळला असेल," लेक म्हणाली.

"चार दिवसांत? छे! लपलाय कुठंतरी. शिरेत औषध टोचून मोठा फोटो काढू. आजच दाखल करून घेतो."

"मला सुई..." बायको म्हणाली.

"बोलू नका! चित्र हलतं."

बायकोनं डोळे गच्च मिटले. खाटेच्या कडेला तिची मूठ आवळलेली ग्रंथपालांना दिसली. आणि ज्या माणसानं उभ्या आयुष्यात 'शांतता राखा'च्या पाटीखाली नोकरी केली, तो ओरडला, "ती मान माझी आहे!"

डॉक्टरांनी दांडा बाजूला ठेवला.

"कुठली मान?" डॉक्टरांनी विचारलं.

"रिपोर्टातली. थर माझा आहे. लख्ख नळी हिची." मग नंबर, जेल, आवंढा, खिडकी, सगळं भडाभडा बाहेर पडलं. लेकीनं कपाळावर हात मारला. बायको उठून बसली, गळ्यावरचं जेल ओघळतंय याचंही तिला भान नव्हतं.

डॉक्टरांनी ग्रंथपालांना झोपवलं. फस्स! फस्स! थर जिथल्या तिथे होता.

"नशीबवान आहात," बराच वेळ बघून डॉक्टर म्हणाले. "थर किती जाड, एवढंच बघून भागत नाही, कसला आहे तेही बघावं लागतं. मऊ असला की तुकडा सुटायची भीती जास्त. तुमचा घट्ट दिसतोय. सध्या कापाकापी नको. गोळ्या रोज, चालणं रोज, सहा महिन्यांनी पुन्हा फोटो. आणि हात, तोंड, जीभ, काहीही वाकडं वाटलं तर त्याच क्षणी दवाखाना! तेव्हा तरी लाजू नका. बाई, तुमची गोळी बंद. चक्कर कशाची ते आता निवांत शोधू."

घराचं दार उघडल्यावर बायकोनं विचारलं, "आणखी काही लपवलंय?"

ग्रंथपालांनी शब्दकोश आणला, मधोमध उघडला. "उत्तर गेलंच नाही." बायकोनं चारही पानं उभ्यानंच पुन्हा वाचली. शेवटच्या ओळीशी थांबली.

"म्हणजे चौदा महिने ताई धरून बसल्यात, की तुमचा हात गेला!"

"हो."

"आणि मी त्यांच्या सुनेला फोनवर सांगतेय, तुमचं उत्तर टपालात गहाळ झालं असेल! बसा. लिहा. आत्ता."

ग्रंथपालांनी सात कागद फाडले. पहिल्यात प्रस्तावनाच दीड पान झाली होती. आठव्यावर चार ओळी उरल्या : 'ताई, हात शाबूत आहे. मान तपासली. थर आहे, पण घट्ट आहे. चौदा महिन्यांची लाज मात्र मऊ निघाली, आज सुटली. माफ कर.'

टपालपेटी कोपऱ्यावरच होती. बायको सोबत आली, कारण एकट्याच्या हातून पत्र कुठल्या भलत्याच माणसाच्या नावावर जाईल याचा नेम नव्हता. पाकीट तिनं उलटंसुलटं तपासलं आणि डोळे मोठे केले. पाठवणाऱ्याच्या जागी ग्रंथपालांनी घाईघाईत तिचंच नाव लिहिलं होतं!

तिनं पर्समधून पेन काढून दिलं. भर रस्त्यात, पेटीच्या टपावर पाकीट ठेवून, त्यांनी ते खोडलं आणि खाली स्वतःचं लिहिलं.

"अगं, मी काय म्हणतो, शेवटच्या ओळीत..."

"बोलू नका," बायको म्हणाली. "टाका."

त्यांनी टाकलं.