वजन खोटं हाय

दांडीचे जनार्दन तामोरे जाझचं रेकॉर्डिंग पंचांग बघून करतात. मुहूर्त बघत नाहीत, तिथी बघतात. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे भरतीला जोर नाही, समुद्र गप. पुनव-अवसेला उधाण, म्हणजे लाटांची धडधड भिंतीतून आत येते आणि काम बंद. मुंबईचा कितीही मोठा वाजवणारा असो, त्याला अष्टमीपर्यंत थांबावं लागतं. एकदा त्यांनी चार वादकांना निरोप धाडला, 'बुधवारी भांग हाय, सगळे या.' चौघेही मोठ्या आनंदाने आले. दुपारपर्यंत एकमेकांना खुणा करत बसले. शेवटी ड्रमवाल्याने धीर करून विचारलं, "काका, ती भांग कुठे ठेवलीय?" काकांनी समुद्राकडे बोट दाखवलं. "ही काय समोर. बघ कशी गप पडलीय."

तुम्ही हसलात. हसा. सगळेच हसतात. दांडीपासून पालघरपर्यंत ज्याला विचाराल तो जनूकाकांची एक तरी गंमत सांगेल. मी मात्र हसत नाही. या माणसाने माझ्या नावाचं जे केलंय, ते तुमच्या नावाचं केलं असतं तर तुम्हीही हसला नसता.

मी बोईसरला भंगाराचा धंदा करतो. मनोरकडच्या एका पाड्यावरून आलो तेव्हा सायकलच्या कॅरिअरला पोतं बांधून कारखान्यांच्या फाटकाबाहेर उभा राहायचो. आज स्वतःचं गोदाम आहे, दोन ट्रक आहेत. हे मला कुणी दिलं नाही. समोरच्याने भाव सांगितला की मला आधी राग येतो आणि मग डोकं चालायला लागतं. त्या रागावर मी इथवर आलो. आणि दुसरं म्हणजे काटा. भंगारवाल्याचा काटा खोटा असतो असं जग धरूनच चालतं. म्हणून मी पहिल्या दिवसापासून ठरवलं होतं, भावात सोडायचं नाही पण वजनात हात घालायचा नाही. माझ्या तोंडाला लोक घाबरतात, माझ्या काट्याला नाही. निदान घाबरत नव्हते.

आता जनूकाका. मुंबईच्या एका स्टुडिओत त्यांनी उभा जन्म रेकॉर्डिंग केलं. निवृत्त होऊन गावी आले तेव्हा त्यांच्या वाट्याला वडिलांचा बंद पडलेला बर्फाचा कारखाना आला. होड्यांना बर्फ पुरवणारा, केव्हाच गंजलेला. दुसऱ्या कुणी तो विकून टाकला असता. काकांनी आतल्या थंडखोलीत जाऊन एक टाळी वाजवली आणि म्हणे तिथेच खाली बसले. दीड हात जाड भिंती, आतून बुचाच्या लाद्या, हत्ती जाईल एवढं मोठं, जाडजूड दार. टाळी वाजते आणि तिथेच मरते. "असली शांतता मुंबईत पैशानं मिलत नाय," ते सांगतात. तिथे त्यांनी माइक लावले. आणि वाजवायला बोलावलं कोणाला? भजनी मंडळ नाही, लग्नाचा बँड नाही. जाझवाले! वसईचे, मुंबईचे, गोव्याचे. एकदा तर एक गोरा लुंगी नेसून सुकत घातलेल्या बोंबलांच्या काठ्यांमधून ट्रंपेट वाजवत फिरला होता.

रेकॉर्डिंगच्या दिवशी काकांच्या घरी वालाची उसळ बंद. कारण "पोट बोलतं, आन् बेसूर बोलतं." दाराशी एक टोपली असते, तिच्यात घड्याळ, किल्ल्या, सुट्टे पैसे टाकायचे. कुणी काही विचारलं की पहिलं उत्तर ठरलेलं: "आदी कान धू, मग बोल." वाजवणाऱ्यांची पारख ते मासळीवर करतात. ट्रंपेट म्हणजे सुरमई, कापली की साफ. सॅक्सोफोन म्हणजे घोळ, नशीब असेल त्यालाच लागते. ड्रमवाला ढिला पडला की ओरडतात, "अरे बोंबला, हाड कुठंय तुजं?" मला त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, "तू खेकडा. नुसता नांगा."

ही पहिली भेट भंगारापायीच झाली. कारखान्याचा जुना कॉम्प्रेसर आणि पाइप त्यांना काढायचे होते. सौदा करताना या माणसाने भाव केलाच नाही. मी भाव सांगितला, ते म्हणाले "बरं." अशा माणसाशी काय बोलणार? मला तर फसवणूक झाल्यासारखं वाटलं. अट एकच घातली: माल उचलायचा तो रेकॉर्डिंग नसताना.

मी अट पाळली. सकाळीच माल ट्रकमध्ये भरून बोईसरच्या मोठ्या काट्यावर पाठवला आणि मी मागे राहिलो, कोपऱ्यातले दोन व्हॉल्व्ह खोलून काढायचे होते म्हणून. मधल्या वेळात वादक आले, आत गेले. दार बंद असतं तर मी बाहेर तोफ डागली असती तरी आत पोचली नसती. पण पास्कल नावाचा वसईचा सॅक्सोफोनवाला, वयस्कर माणूस, म्हणाला की आत श्वास कोंडतो. म्हणून काकांनी दार वीतभर उघडं ठेवलं. लक्षात घ्या. दार त्यांनी उघडं ठेवलं.

इतक्यात मला काटेवाल्याचा फोन आला. त्याने सांगितलेलं वजन ऐकून माझं डोकं फिरलं. मालापेक्षा कितीतरी कमी! म्हणजे मी त्या वजनावर पैसे दिले असते तर तोटा कुणाचा? तामोऱ्यांचाच! मी त्यांच्या बाजूने भांडत होतो, हे कुणी ध्यानात घेत नाही. मी ओरडलो, "वजन खोटं हाय! अरे, वजन खोटं हाय!"

आत त्या वेळी म्हणे फक्त तो माणसाएवढा उभा, तारांचा बास वाजत होता, अगदी हळू. माझा आवाज त्यावर जाऊन पडला. दुसऱ्या कुणी वाजवणं थांबवलं असतं. पास्कलने सॅक्सोफोन तोंडाला लावला आणि माझं वाक्य जसंच्या तसं वाजवलं. व-जन-खो-टं-हाय. मग उलटं करून वाजवलं. मग ड्रमवाल्याने ते उचललं, मग बासने, मग ट्रंपेटने. पुढची सहा मिनिटं ते चौघे माझ्याच वाक्यावर भांडत होते. मला बाहेर वाटलं, हे लोक मला चिडवतायत. मी व्हॉल्व्ह टाकून निघून आलो.

काटेवाल्याची चूक निघाली, वजन नीट झालं, काकांना त्यांचे पैसे पूर्ण मिळाले. विषय संपला असं मी धरून चाललो.

काही महिन्यांनी एका कारखान्यात माल उचलायला गेलो. तिथला खरेदी विभागाचा साहेब, ज्याच्याकडे मी वर्षानुवर्षं जातो, मोबाइल पुढे करून म्हणाला, "शेट, हा आवाज तुमचाच ना?" आधी बास. मग मी. मग सॅक्सोफोन. आणि पडद्यावर त्या तुकड्याचं नाव: 'वजन खोटं हाय'. नाव ठेवलंय त्याला! त्याची काळी तबकडीसुद्धा निघालीय, कुठल्या कुठल्या देशांत लोक ती ऐकतात. साहेब हसला आणि हसत हसतच त्याने आपला एक माणूस माझ्या ट्रकबरोबर काट्यावर पाठवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. माझे हमालसुद्धा पोतं उचलताना एकमेकांना विचारायला लागले, "सेठ का वजन खोटा है क्या?" मी खोट्या वजनाविरुद्ध ओरडलो, आणि खोट्या वजनाचा म्हणून मीच गाजलो. याला काय म्हणायचं?

त्याच दुपारी मी दांडीला गेलो. काका अंगणात जाळ्याच्या ढिगावर बसून चहा पीत होते.

"काका, माझं वाक्य काढा."

"कोन्तं?"

"कोन्तं म्हणजे? तेच! माझा धंदा बसायला आलाय."

"आदी कान धू—"

"कान राहू दे! तुमच्याकडे कात्री असेल, यंत्र असेल, जे असेल ते. काढा."

त्यांनी कप खाली ठेवला. "बबन, पास्कल त्याच्यात तुला उत्तर देतो. तू गेलास तर तो बोलतो कोनाशी?"

"भिंतीशी बोलू दे!"

"ती भिंत उत्तर देत नाय. म्हनून तर ती ठेवली."

मी म्हटलं, पुन्हा वाजवायला बोलवा त्या चौघांना, खर्च माझा. ते म्हणाले, पास्कलचे पुढचे दात गेले, आता त्याची फुंक नुसती निसटते. मी म्हटलं, मग उरलेल्या सगळ्या तबकड्या मी विकत घेतो. ते म्हणाले, "कोन्त्या भावानं? प्लास्टिकच्या?" मी म्हटलं, निदान नाव तरी बदला. ते म्हणाले, "मग काय ठेवू? 'वजन बरोबर हाय'? ते कोन ऐकंल?"

माझा आवाज इतका चढला की शेजारची बाई सुकट पालटायची सोडून बघायला आली. मी म्हणालो, "तुमी तर म्हणे मुंबईत एक खोकला राहू द्यायचे नाय. मोठमोठ्या गायकांचा श्वास कापायचे. आन् माझंच भोकाड तेवढं ठेवलंत? आमी भंगारवाले म्हणून?"

काकांनी कपातला उरलेला चहा अंगणात ओतला. मग उठले आणि म्हणाले, "आत ये."

थंडखोलीच्या बाजूला त्यांचं यंत्रांचं दालन आहे. तिथे त्यांनी एक स्पूलची टेप लावली. सुरुवातीला, कारखाना नीट व्हायच्या आधी, ते घरातल्या पडवीत रेकॉर्डिंग करायचे. काकी तेव्हा होत्या. मी त्यांना कधी पाहिलं नाही. मी या घरात यायला लागलो त्याच्या आधीच त्या गेल्या.

"तिला शेजारी पाठवायचो," काका म्हणाले. "तरी ती मदीच यायची. चहा ठेवू का विचारायला. भात उतरवायला. मी सगळं कापलं. ब्लेडनं, एकेक इंच. कोनाला ऐकू येनार नाय असं." त्यांनी फळीवरच्या टेपांकडे हात केला. "एवढ्या टेपा हायत. सगळ्या तिच्याच घरात झाल्या. आन् ती एकातपन नाय."

मी फळीवरच्या टेपा मोजल्या. धंद्याची सवय.

"तेवापासून मी काय कापत नाय. कुत्रा भुंकला तरी ऱ्हाऊ देतो. तू तर मानूस हायस."

मग म्हणाले, "एक हाय फक्त. वाजवायला सुरुवात व्हायच्या आदी, अर्धा शेकंद. कापायचं ऱ्हायलं. मला वाटतं तिची बांगडी हाय. पन माजे कान आता वरचे सूर ऐकत नायत. पास्कलला ऐकवलं, त्याला कळना. तू डोळे मिटून पितळ आन् गनमेटल वेगळं करतोस म्हनतात."

करतो. फुशारकी नाही. आमच्या धंद्यात नाणं आपटून आवाज घ्यावा तसा प्रत्येक तुकडा जमिनीवर टाकून घेतात. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ठप्प बोलतं, पितळ गातं, ॲल्युमिनियम पोकळ हसतं. यात मला आजवर कुणी फसवलेलं नाही आणि मी कुणाला खोटं सांगितलेलं नाही.

त्यांनी माझ्या कानांवर हेडफोन चढवले. टेप फिरली. खरखर, मग एक बारीक 'किण', आणि लगेच पियानो. पुन्हा लावली. किण. पुन्हा.

तिसऱ्या खेपेला मला खात्री झाली. काच एकदाच बोलते आणि तुटक बोलते. हा आवाज मागे बारीक तार सोडत होता. पोलाद होतं ते. बहुतेक ड्रमच्या स्टँडवरचा एखादा स्क्रू, कुणीतरी आवळताना सुटलेला.

मी डोळे उघडले. काका समोर उभे होते, मान थोडी पुढे काढून, बोट बटणावर तसंच. माझ्या लक्षात आलं की या घटकेला मी मागेन ते मिळेल. वाक्य काढून मिळेल, नाव बदलून मिळेल. सौदा कधी करावा, हे मला कुणी शिकवायला नको.

"काच," मी म्हणालो.

"बांगडी?"

"बांगडीच. दुसरं काय असणार?"

त्यांनी बटणावरचं बोट काढलं. खुर्ची मागे ओढली आणि बसले. मग यंत्राकडे बघतच विचारलं, "हिरवी?"

बांगडीचा रंग आवाजावरून कळत नाही. हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही.

मी पुन्हा हेडफोन कानांवर घेतले, टेप पुन्हा लावायला सांगितली, डोळे मिटून नीट ऐकलं आणि म्हणालो, "हिरवीच."