बोदवड लेट आहे

सोनोनेकाकांच्या घरी कोणी आलं की ते आधी पाणी विचारत नाहीत. आधी त्याला मागच्या अंगणात नेतात आणि माशांना दाखवतात. मतलब मासे माणसाला नाही, माणूस माशांना. तळ्याच्या काठाशी उभं करायचं, त्याचं नाव-गाव मोठ्यानं सांगायचं, मासे वर येऊन तोंडं उघडमिट करून गेले की मग काका म्हणणार, "ऑलराइट. चला आता चहा." मासे वर नाही आले तर चहा मिळतो पण बिनसाखरेचा, असं आमचे हे म्हणतात. खरं-खोटं मला माहीत नाही, माझ्या वेळेला आले होते.

तेव्हा चिनू माझ्या कडेवर होती, अजून बसायलाही येत नव्हतं तिला, एका हातात पिशवी, प्रवासानं डोकं गरगरतंय, आणि हे म्हातारे माणूस पाण्याकडे बघून ओरडतायत, "अकोल्याची सूनबाई आली बरं, संगं पोट्टी हाय." मला वाटलं, आलो आपण कुठं.

आमचे हे रेल्वेत फिटर, जयपूरला बदली झाली आणि मालवीय नगरात काकांच्या मागच्या दोन खोल्या मिळाल्या, कारण काका पण रेल्वेतले, मालगाडीचे गार्ड होते, आणि आपल्याच भुसावळ-बडनेरा लाइनवर सगळी नोकरी झालेली. रिटायर झाल्यावर मुलानं इथं घर घेतलं, काकांना आणलं, आणि मग मुलालाच दुबईची नोकरी लागली. काकू तर आधीच गेलेल्या. तर मुलगा तिकडे, आणि घर आणि काका इकडे.

मासे मात्र जपानी. कोई म्हणतात त्यांना. सिव्हिल लाइन्समधल्या कुठल्या तरी साहेबाच्या बंगल्यात होते, साहेबाची बदली झाली, नव्या मेमसाहेबांना तिथं गुलाब लावायचे होते, तर तिथल्या माळ्यानं काकांना बादलीत घालून दिले. मग काकांनी अंगण खणलं. सिमेंट नाही, टाइल नाही, काळी चिकण माती आणून पायानं तुडवून बसवली, कमळं लावली, पाणगवत लावलं. नळाचं पाणीसुद्धा आधी ड्रममध्ये शिळं करतात, ताजं टाकलं तर माशांचे कल्ले जळतात म्हणतात. छान दिसतं, खोटं कशाला बोलू. पण बांधलेला काठ नाही. कठडा नाही. गवत संपतं आणि पाणी चालू होतं, आणि मधे माझ्या छातीइतकं खोल, आणि आमच्या खोलीचं दार बरोब्बर त्याच्या समोर.

मी तशी घाबरटच. कुकरची शिट्टी झाली तरी मी दचकते, सातवीत शाळा सुटली त्याचं एक कारण वाटेवरचा कुत्रा होता. पण ही भीती ती भीती नव्हती. ही झोपेतसुद्धा जागी असायची. चिनू पालथी पडायला लागली तेव्हाच मी काकांना म्हटलं, "काका, ह्याच्यावर जाळी टाका ना."

"जाळी?" काका म्हणाले. "ते काय जेलात हायेत?"

"मग थोडं उथळ तरी करा."

"जयपूरचा मे महिना नाई पाह्यला तू अजून. उथळ केलं त पाण्याचा चहा होतो, सूनबाई. पोहतापोहता शिजतीन बिचारे."

"आणि माझी पोरगी?"

"थे त अजून जागच्या जागी शंटिंग करते. चालाले लागली का मले सांगजो, मग पाहू."

ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, काकांशी वाद नको घालू, ह्या भाड्यात जयपूरला कोणी गॅरेज देणार नाही. मग मी दाराला आडवा पाट लावला, पाटाला पोत्याची थप्पी लावली, तरी चिनू रांगायला लागली तशी पहिली जाऊन त्या पाटालाच भिडली.

काकांचं माशांना खाऊ घालणं बघायला गल्लीतली पोरं भिंतीवर चढतात. टाइम झाला की गार्डची शिट्टी वाजवतात, हिरवा झेंडा हलवतात, आणि सगळे मासे पाणी फाडत येतात. पोट भरलं की लाल झेंडा दाखवतात, त्याला मात्र कोणी जुमानत नाही. "सगळे सिग्नल तोडणारे," काका म्हणतात आणि अजून एक मूठ टाकतात.

नावं सगळी स्टेशनांची. सगळ्यात जाडा तो भुसावळ. डोक्यावर लाल टिळा तो मलकापूर. पिवळाधमक तो जलंब, त्याला पहिला घास. आणि काळ्या ठिपक्यांचा बोदवड, तो कधीच वेळेवर येत नाही, कमळाच्या पानाखाली बसून राहतो. काका दर वेळी घोषणा केल्यासारखं म्हणतात, "बोदवड लेट हाय, वाट पाहा." एक छोटंसं पांढरं पिल्लू होतं, त्याचं नाव विचारलं तर म्हणाले, "अजून पडलं नाई." मी म्हटलं शेगाव ठेवा, नांदुरा ठेवा, तर मान हलवली फक्त. मला वाटलं म्हाताऱ्याला गावाची आठवण येते, बाकी काय.

शेजारच्या शर्माइन आंटींना मात्र पहिल्यापासून शंका. त्यांच्याकडे कांदासुद्धा येत नाही. भिंतीवरून बघतात आणि मला विचारतात, "भाभीजी, आप मराठी लोग तो मछली खाते हो ना? ये भाईसाहब पाल रहे हैं कि... मतलब, बड़ी होने का इंतज़ार है?" मी सांगितलं, काकांनी खाणं कधीच सोडलं. हे खरं होतं. पूर्वी मच्छीशिवाय जेवत नव्हते, आता म्हणतात, "जलंबले तोंड कसं दाखवू?"

आणि एक गोष्ट. काकांची खुर्ची. लोखंडाची, वेताच्या पट्ट्यांची. थंडीत काका दुपारभर त्या खुर्चीत बसायचे, तळ्याकडे पाठ करून. मला वाटायचं, पाठीला ऊन घेतात. मी दार उघडलं की ते बाहेर येऊन बसायचे, मी दार लावलं की उठून आत जायचे. पण मग होळी झाली, ऊन चटके द्यायला लागलं, तरी काका तिथंच, डोक्यावर ओला नॅपकिन. मी म्हटलं, "काका, मासे तर मागे आहेत." म्हणाले, "गार्डचं काम काय असते माहीत हाय का? काई होत नाई, थे पाहत बसायचं." म्हटलं असेल, रिटायर माणूस, कसंही बसेल.

तर त्या रविवारी ह्यांना मच्छीची लहर आली. कुठून तरी स्टेशनकडून रोहू घेऊन आले. काका कटिंगला गेले होते, म्हणून मी म्हटलं लवकर तळून घेऊ, तळ्याकडची खिडकी बंद केली, खिडकीला चादर पण लावली, मतलब माशांना वास नको. आता हसू येतं. माशांना नाही गेला वास. भिंतीवरून शर्माइन आंटींना गेला.

काका चकाचक होऊन परत आले तेव्हा शर्माइन आंटी आणि अजून दोघी अंगणात उभ्या होत्या, नाकाला पदर.

"सोनोनेजी, सच-सच बताओ."

"क्या बताऊं?"

"वो काले धब्बेवाली कहां गई? सुबह से नहीं दिखी. और आपके घर से ये कैसी..."

माझ्या हातात झारा, हाताला तिखट-हळद. ह्यांनी ताट पाठीमागं धरलं, म्हणजे सगळ्यांना दिसलं. मी म्हणायला गेले, "वो तो बाज़ार का है," पण ऐकतंय कोण.

काकांनी खुर्चीवरचे दोन्ही झेंडे उचलले, शिट्टी वाजवली, हिरवा हलवला. भुसावळ आला, मलकापूर आला, जलंब आला, बिननावाचं पिल्लूसुद्धा आलं. बोदवड नाही.

"लेट हाय," काका म्हणाले.

"लेट है कि प्लेट में है?" आंटी म्हणाल्या.

मग सगळेच वाकले. हे काठीनं कमळाची पानं बाजूला करायला लागले, तिघी बायका गुडघ्यावर, आणि मी, जी त्या पाण्याजवळ कधी उभी राहत नव्हते, मीसुद्धा वाकून बघतेय, बोदवडा ये रे बाबा, आमची इज्जत ठेव. चिनूला दारात बसवलं होतं. पाट लावला होता का? घाईत ताट घेऊन बाहेर येताना ह्यांनीच काढला होता.

मागून काकांची शिट्टी वाजली. पण वेगळीच, तुटक तुटक. मी वळले.

काका पाण्याकडे बघतच नव्हते. पाण्याकडे पाठ करून, गवतात गुडघे टेकून बसले होते, एवढ्या दुखऱ्या गुडघ्यांचा माणूस, आणि हातातला लाल झेंडा आडवा पुढे धरलेला. आणि समोरून माझी चिनू. रांगत नव्हती. उभी होती. कशाला न धरता, दोन्ही हात वर करून, डुलत डुलत, एक पाऊल, मग विचार करून अजून एक, सरळ त्या लाल झेंड्याकडे येत होती. झेंड्यापाशी आली, दोन्ही मुठींनी तो पकडला आणि धपकन बसली.

एवढ्या वर्षांत त्या अंगणात लाल झेंड्याला थांबलेली ती पहिलीच.

मी धावले आणि तिला उचललं, झारा कुठं टाकला माहीत नाही, तिच्या फ्रॉकला सगळी हळद लागली. झेंड्याच्या मागं काका, आणि काकांच्या मागं वीतभर गवत, आणि मग पाणी. मी तिथंच बसले.

"चालली," काका म्हणत होते. "चालली. म्या पाह्यलं." मग आंटींकडे वळून, "आपने देखा?"

"हां हां, देखा," आंटी पाण्यात बोट दाखवत म्हणाल्या, "आ गई कालीवाली. माफ करना भाईसाहब."

"अरे मछली नहीं," काका म्हणाले आणि हसायला लागले, आणि हसताहसता नॅपकिननं तोंड पुसत बसले, बराच वेळ.

संध्याकाळी मी त्यांना चहा नेऊन दिला. काका त्याच खुर्चीत होते. मी खुर्चीच्या मागं उभी राहिले आणि तिथून समोर बघितलं, तर समोर फक्त आमचं दार. दुसरं काही दिसतच नव्हतं. मग काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "काका, जलंबला पहिला घास का?"

"माहं पोट्टं चालाले लागलं तवा मी जलंबले होतो," काका म्हणाले. "सिग्नल मिळेना. घरी गेलो त थे पळत होतं. बोदवडले होतो तवा त्याचा जन्म. मलकापूरले होतो तवा त्याची माय..." चहा प्यायले. "लाइनवरच्या माणसाचं असंच असते, सूनबाई. गाडी सोडून येता येत नाई."

मी म्हटलं, "हो काका."

दुसऱ्या दिवशी सकाळी ठोकाठोकीनं जाग आली. काका बांबू रोवत होते, हे धरत होते, आणि तळ्याभोवती माझ्या कमरेइतकी जाळी चढत होती. वरून मोकळी, कमळांसाठी. "म्हटलं होतं ना, चालाले लागली का पाहू," काका म्हणाले, जशी मीच विसरले होते. मी चिनूला घेऊन जाळीला हात लावून पाहिला, हलवून पाहिली, मग दोन्ही हातांनी हलवून पाहिली. पक्की होती.

शिट्टी झाली. सगळे आले, बोदवड सोडून. पांढरं पिल्लू सगळ्यांच्या पुढे.

"हा जयपूर," काका म्हणाले.

"पण काका, चिनू चालली तेव्हा तर तुम्ही इथंच होतात."

"व्हय," काका म्हणाले. "होतो ना."

मग त्यांनी खुर्ची ओढली, नॅपकिन भिजवून डोक्यावर ठेवला, आणि जाळी असली तरी, तळ्याकडे पाठ करून आमच्या दारासमोर बसले.