गौरीचा फिरता पाट

"अहो, एकसारखं फिरवा की! गौर अडखळतेय!" यमुनाबाई खिडकीशी तोंड नेऊन कुजबुजल्या.

देवासला त्या काळी चैत्रातल्या हळदीकुंकवाच्या आराशीत घराघरांत चुरस असे. काय दिवस होते ते! मोरोपंत धाकट्या पातीच्या, म्हणजे देवासच्या धाकट्या संस्थानाच्या, छापखान्यात यंत्रं सांभाळत. त्या वर्षी त्यांनी गौर चक्क फिरत्या पाटावर बसवली आणि हँडल मारायला स्वतः शेजारच्या खोलीत लपले. मध्ये भिंतीचा कोपरा आडवा आला, म्हणून दांड्याचे दोन तुकडे करून ते तिरपे जोडायला संताजी लोहाराकडून लोखंडी सांधा करून घेतला. फिरणं एकसारखं व्हायला असे दोन सांधे लागतात हे पंतांना पक्कं ठाऊक होतं. पण दुसरा तयार व्हायच्या आत हळदीकुंकू दारात उभं राहिलं, आणि बागलीच्या राजाबाई आपल्या मुलासाठी पंतांच्या थोरल्या लेकीला, दुर्गेला, बघायला यायच्या होत्या. दुर्गेला दोनदा नकार आला होता. यमुनाबाईंचा जीव टांगणीला लागला होता.

"एकसारखंच फिरवतोय!" पंत आतून खेकसले.

ते खोटं नव्हतं. पंतांचा हात एका लयीत फिरे; पण सांध्यापलीकडचा दांडा दर फेरीला दोनदा घाई करी आणि दोनदा रेंगाळे. गौर बिचारी तशीच फिरे.

"काय हो, गौर ठेचकाळते का तुमची?" राजाबाईंनी विचारलं.

"छे हो! माहेरी आलीय ना, नाचतेय!" यमुनाबाई घाम पुसत म्हणाल्या आणि पुन्हा खिडकीकडे धावल्या. "अहो, जोरात फिरवा, म्हणजे कळणार नाही!"

पंतांनी जोर केला. झटकेही वाढले. इकडे ओटी भरून घ्यायला राजाबाईंनी पदर पसरला. दुर्गेनं पाटावरची हरभऱ्यांची वाटी उचलायला हात पुढे केला, तोच पाटानं हिसका दिला. वाटी उडाली आणि भिजवलेले हरभरे थेट राजाबाईंच्या पदरात पडले!

दुर्गेला हसू आवरेना. यमुनाबाईंनी डोळेच मिटले.

"बाई गं! गौरीनं स्वतः माझी ओटी भरली," राजाबाई पदर कपाळाला लावत म्हणाल्या. "आता या पोरीला नाही म्हणायची माझी काय बिशाद! पक्कं समजा."

घामाघूम पंत दारात आले. "माफ करा, उद्याच दुसरा सांधा बसवतो. मग गौर अगदी एकसारखी फिरेल."

"त्याला हात लावाल तर खबरदार!" यमुनाबाई म्हणाल्या. "अजून धाकट्या सीतेचं लग्न व्हायचंय!"