बाबांच्या सिंबलचं छिर्रर्र

भावोजींच्या मते जगात गुप्तहेर तीन प्रकारचे: डोळ्यांनी शोधणारे, डोक्याने शोधणारे आणि भावोजी. "मी कानाने शोधतो," ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. "नुसत्या नळाच्या टपटपीवरून मी घरमालकाचा स्वभाव सांगतो." त्यांच्या स्वतःच्या घरचा नळ वर्षभर गळत होता आणि त्यावरून बायकोने त्यांचा स्वभाव केव्हाच सांगून टाकला होता.

ही बायको म्हणजे मेहुण्याची ताई. मेहुणा भावोजींच्या ऑफिसात मदतनीस होता तो काही हौसेने नाही. "तू त्यांच्याबरोबर राहा रे बाबा," ताईने हात जोडले होते, "नाहीतर कुठेतरी मार खाऊन येतील." भावोजी ऑफिसची चावी रोज हरवत, म्हणून तिने चावीला हातभर लांब साखळी लावून ती त्यांच्या पट्ट्याला अडकवली होती. तरीही त्या सकाळी भावोजी टेबलाखाली रांगत चावीच शोधत होते आणि साखळी त्यांच्या मागोमाग फरशीवर खुळखुळत होती.

"आवाज येतोय बघ," ते मेहुण्याला म्हणाले. "इथेच कुठेतरी आहे."

तेवढ्यात एक मुलगी आत आली. ती ड्रम वाजवायची. तिने पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं ते सिंबल, म्हणजे ड्रमच्या बाजूला स्टँडवर असते ती काशाची मोठी थाळी. सिंबल तिच्या बाबांचं. बाबा गेले, तेव्हा त्यांच्या बँडमध्ये गिटार वाजवणाऱ्या सख्ख्या काकांनी ते आठवण म्हणून नेलं. उद्या बाबांच्या स्मरणार्थ कार्यक्रम होता, म्हणून काकांनी ते काल परत आणून दिलं.

"पण हे बाबांचं नाहीच," मुलगी म्हणाली. "लहानपणी बाबा दार लावून सराव करायचे आणि मी शेजारच्या खोलीत अभ्यास. ठोका पडला की मागून बारीक छिर्रर्र यायचं, तापल्या तव्यावर पाण्याचे थेंब नाचतात ना, तसं. ते ऐकलं की मला कळायचं, बाबा घरी आले. हे नुसतंच टण्ण करतं. काकांनी बदललं असेल, तर उद्या मी त्यांच्या शेजारी वाजवणार नाही. उद्याच काय, पुन्हा कधीच नाही."

शेवटी शेवटी तिचा आवाज फुटला. मेहुण्याला फार वाईट वाटलं. भावोजींनी भिंग काढलं.

सिंबलवर गोल गोल बारीक रेघा होत्या. "झाडाच्या खोडात असतात तशीच ही वर्तुळं," भावोजी पुटपुटले. "वर्षाला एक. हे सिंबल अडीचशे वर्षांचं आहे."

"तेव्हा ड्रम तरी होते का, भावोजी?"

"नव्हते ना! म्हणून तर इतकं कमी झिजलंय."

मग त्यांनी सिंबल चाटलं. "खारट. याचा अर्थ हे समुद्रमार्गे पळवून आणलंय."

"माझ्या हाताचा घाम आहे तो," मुलगी म्हणाली. "आणि रेघा घडवतानाच्या असतात. वय मला कळतं हो. हातोड्याचे खड्डे बघा, वेडेवाकडे. म्हणजे हाताने घडवलंय. पातळ आहे, घडवणाऱ्याचा शिक्का पुसत आलाय. जुनं आहेच. पण तसं जुनं दुसरंही मिळतं. हे बाबांचं आहे का, तेवढं सांगा."

"ते हे स्वतःच सांगेल," असं म्हणून भावोजींनी सिंबलला कान लावला आणि तिला ठोका मारायला सांगितलं. तिने मारला. पुढचा अर्धा दिवस कानाने शोधणाऱ्या गुप्तहेराला काहीही ऐकू येत नव्हतं.

अशा अवस्थेत सगळे मुलीच्या घरी पोचले. सरावाच्या खोलीत काका गिटारच्या तारा बदलत होते आणि कोपऱ्यात मुलीची आई कपड्यांच्या घड्या घालत होती. मुलीने काकांकडे न बघता सिंबल स्टँडवर चढवलं.

"खरं सिंबल कुठे विकलंत?" भावोजी ओरडले. त्यांना वाटत होतं, आपण कुजबुजतोय.

काकांच्या हातातली तार सुटली. "मी? माझ्या दादाचं सिंबल विकीन?"

"कबूल करतोय!" भावोजी मेहुण्याला म्हणाले.

"नाही करत आहेत, भावोजी."

"बघ, तुलाही पटलं!"

काका मुलीकडे वळले. त्यांचे डोळे भरून आले होते. "तूही असंच समजतेस? अगं, जन्मभर स्टेजवर त्याच्या शेजारी उभा राहिलो मी. हे असंच वाजायचं."

"नव्हतं वाजत!" मुलगी रडू लागली. "मी रोज ऐकलंय!"

दोघंही खरं बोलताहेत, असं मेहुण्याला वाटलं. पण असं वाटणं भावोजींच्या पद्धतीत बसत नव्हतं.

आईने हातातला टॉवेल खाली ठेवला. "कसलं वाजणं म्हणताय तुम्ही?"

"ते छिर्रर्र, आई. ठोक्याच्या मागून यायचं ते."

"अगं बाई! त्यासाठी एवढं रामायण?" आई उठली आणि तिने भावोजींच्या कमरेकडे बोट दाखवलं. "अहो, ते लोंबतंय ते द्या जरा."

भावोजींना ऐकू आलं नाही. मेहुण्यानेच पट्ट्यावरून साखळी सोडवली. आईने चावी स्टँडच्या स्क्रूला अडकवली आणि साखळी सिंबलवर मोकळी सोडली. "तुझ्या बाबांना घराची चावी कधी सापडायची नाही. घरी आले की पहिल्यांदा इथे अडकवायचे, साखळीसकट. बाहेर पडताना काढून घ्यायचे. स्टेजवर कुठली असणार? मी हजारदा म्हटलं, दाराजवळ खिळा ठोका. शेवटपर्यंत ठोकला नाही."

मुलीने हळूच ठोका मारला.

टण्ण. आणि त्याच्या मागून, सगळ्या खोलीत, छिर्रर्र.

मुलीने डोळे मिटून घेतले होते. "बाबा घरी आले," ती म्हणाली आणि काकांच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडली. काका रडता रडता हसायला लागले. "आणि बाकीचे ड्रमवाले विचारायचे, घरी तुझं सिंबल इतकं गोड कसं वाजतं, तर हा पठ्ठ्या म्हणायचा, जुनं कासं आहे! मी ते मस्करीतच घ्यायचो!"

"गुन्हेगार सापडला का?" भावोजींनी विचारलं.

मेहुण्याने कागदावर लिहून सगळं समजावलं. भावोजींनी दोनदा वाचलं आणि छाती पुढे काढली. "म्हणजे साखळी माझी. म्हणजे प्रकरण मीच सोडवलं."

ते चावी काढायला निघाले, तेव्हा मेहुण्याने जन्मात पहिल्यांदा भावोजींचा हात धरला. "उद्याचा कार्यक्रम होऊ दे."

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या बंद दाराबाहेर, पायरीवर दोघं बसले होते. ताईचा फोन आला. "शेजारचे सांगतात, ऑफिसला कुलूप आहे. पुन्हा चावी हरवलीत?"

"हरवली नाही," भावोजी ऐटीत म्हणाले. "आज ती कुणाच्या तरी बाबांना घरी आणायला गेलीय."