मार्थाचा नंबर

गेल्या उन्हाळ्यापर्यंत आमच्या चर्चच्या तरुण संघात अकरा सभासद होते. दहा जण सोळा ते चोवीस वयाचे. अकरावी मार्था, वय सहासष्ट.

तुम्हाला वाटेल, सल्लागार वगैरे असेल. छे! साधी सभासद. शनिवारी दुपारी चार वाजता चर्चमागच्या खोलीत सभा भरे. मार्था बगलेत स्वतःचा पाट मारून यायची, कारण ती जमिनीवर बसली की उठवायला दोन सभासद लागत. पहिल्या रांगेत बसायची, आणि हजेरीत नाव आलं की "हजर!" म्हणून अशी ओरडायची की बाहेर कडुलिंबावरचे कावळे उडत. संगीत खुर्चीतही भाग घ्यायची, आणि जिंकायची. तिच्या कोपरापुढे कोणाचं काही चालत नसे.

नाताळच्या नाटकात गब्रिएल देवदूत तीच. ती आणि मी दोघी पंधरा वर्षांच्या असताना तिला पहिल्यांदा पंख लावले, ते काही उतरले नाहीत. पंख पाच-सहा वेळा बदलले, देवदूत तोच. अलीकडे देवदूताचे गुडघे गेले होते, त्यामुळे त्याला स्टुलावर चढवायला योसेफ आणि दोन मेंढपाळ लागत. वर चढला की तो मरियेचं डोकं दोन्ही हातांनी घट्ट धरायचा आणि तिलाच सांगायचा, "भिऊ नकोस!"

याला कारण संघाच्या जुन्या वहीतला एक नियम. पहिल्याच पानावर लिहिलंय, 'सभासदत्व विवाह होईपर्यंत राहील.' ज्या पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या पाद्र्यांनी, हे लिहिलं, त्यांच्या मनात लग्न न झालेली म्हातारी कधी आलीच नसावी. पुढच्या प्रत्येक पाळकसाहेबांनी मार्थाला गोडीगुलाबीनं महिला मंडळाकडे वळवून पाहिलं. ती वही उघडून त्यांच्या नाकापुढे धरायची.

"वाचा साहेब. माझं लगन झालंय का? न्हाई. मंग? माझा नंबर बाकी हाय अजून."

'माझा नंबर बाकी हाय' हे तिचं पालुपद. बसस्टँडवर म्हणायची, दळणाच्या रांगेत म्हणायची. एकदा कबरस्तानात म्हणाली, तेव्हा शेजारच्या दोन म्हाताऱ्या तिच्यापासून लांब सरकल्या.

नंबर कसला, हे आता गावात धड दोघींनाच माहीत होतं. एक ती आणि दुसरी मी. कारण तो नंबर मी खाल्ला होता.

आम्ही एकोणीस वर्षांच्या होतो. कळमनुरीच्या रस्त्यावरचं हे आमचं गाव, त्यात पंचवीस-तीस ख्रिस्ती घरं. आणि एक दिवस बातमी आली की मिशनची तरुण मंडळी दहा दिवस नेपाळला सेवेला जाणार, डोंगरातल्या एका शाळेची भिंत बांधायला, आणि प्रत्येक चर्चमधून एक मुलगी नेणार. नेपाळ! आम्ही तोवर फार तर नांदेड पाहिलेलं. वडीलमंडळींनी अर्पणाच्या थाळीत चिठ्ठ्या टाकल्या. मार्थाचं नाव निघालं.

मग मी दोन दिवस अन्नाला शिवले नाही. म्हणजे, लोकांसमोर. आत कोठीत गूळ-शेंगदाणे होते. डोळे रडून सुजवले, त्यातही थोडी मदत कांद्याची. ती एकोणीस वर्षांची सुलू, म्हणजे मीच, आज समोर आली तर तिच्या एक कानाखाली देईन. पण तेव्हा ती माझी फार लाडकी होती.

तिसऱ्या दिवशी मार्था आली.

"काहून रडून राहिलीस गं? तूच जाय. तुझं लगन ठरून राहिलंय, मंग कोन सोडनार तुला? मी जाते पुढल्या खेपंला. नंबर कुठं पळून चाल्ला माझा?"

मी तिच्या गळ्यात पडले. जरा जास्तच जोरात पडले.

पुढली खेप आलीच नाही. त्या सहली तिथंच बंद पडल्या.

आता माझी सेवा ऐका. आईचं न ऐकता मी नव्या, उंच टाचेच्या चपला घालून गेले होते. पहिल्याच दिवशी डोंगराच्या पायऱ्यांवर पाय असा मुरगळला की पुढचे नऊ दिवस खाटेवर. भिंतीची एक वीट मी उचलली नाही. खिडकीतून एक शेळी दिसायची. अख्ख्या नेपाळात मी काय पाहिलं, तर ती शेळी. तीही बहुतेक वेळ माझ्याकडे पाठ करून उभी. एक दिवस बाकीचे सगळे जवळच्या तळ्यावर गेले, होडीत बसले, आणि मी खाटेवर त्यांची बिस्किटं खात पडले.

परत आले तर मार्था वेशीपर्यंत आलेली. "सांग," म्हणाली. नुसतं एवढंच.

आणि मी सांगितलं. तळं सांगितलं. होडी सांगितली, होडीवाला लाल टोपीवाला. बर्फाचा अख्खा डोंगर पाण्यात उलटा पडलेला, आणि मी वाकून बोट बुडवलं तर त्याचं शिखर थरथरलं. बोलता बोलता मला स्वतःलाच ते दिसायला लागलं. शेळीचं मात्र नाव काढलं नाही.

त्यानंतर 'परदेशी जाऊन आलेली' म्हणून माझं लग्न गावातल्याच मास्तरांशी झोकात झालं आणि मार्था मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकीण झाली. वसतिगृह बंद पडेपर्यंत तिथंच होती. बायबलात दोघी बहिणींची गोष्ट आहे. येशू घरी येतो, तर एक त्याच्या पायाशी बसून ऐकते आणि दुसरी चुलीपाशी राबत राहते. राबणारीचं नाव मार्था. "आईनं नाव ठिवलं तवाच चूल लिहिली माझ्या कपाळी," असं ती स्वतःच म्हणायची.

वसतिगृहातल्या पोरींना, रविवार शाळेतल्या लेकरांना तिनं माझं ते तळं वर्षानुवर्षं सांगितलं. कधीमधी मलाही पुन्हा सांगायला लावायची. एकदा मी टोपी हिरवी म्हणाले.

"लाल," ती म्हणाली. "मागं लाल म्हनलीस. बराबर सांग."

तिला पूर्णेचं एक स्थळ आलं होतं, रेल्वेतलं. तिनं पाळकसाहेबांना विचारलं म्हणे, "लगन केलं तर वहीतून नाव कटंल का?" नंबरापायी नवरा सोडला म्हणून गाव पोट धरून हसलं. घरात तिची आई लकव्यानं अंथरुणाला खिळलेली होती. खरं कारण ते होतं की कसं, कोणी विचारलं नाही. मीही हसणाऱ्यांतच होते.

गेल्या वर्षी नवे, तरुण पाळकसाहेब आले आणि त्यांनी एका शनिवारी सभेत सांगितलं, मे महिन्यात तरुण संघ दहा दिवस नेपाळला जाईल. डोंगरातल्या एका शाळेच्या भिंती रंगवायच्या. तिथं उपदेश करायला बंदी आहे, तेव्हा तोंडाला कुलूप आणि हाताला काम. कोण कोण—

"हजर!"

पाळकसाहेबांनी गुडघ्यांचा विषय काढला. मार्थानं पाट खाली ठेवला आणि चर्चला तीन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीला पोरं टाळ्या वाजवत होती आणि पाळकसाहेब मागून पाण्याचा तांब्या घेऊन धावत होते. मग त्यांनीच हात जोडले.

तिची तयारी माझ्या घरच्या ओट्यावर चाले, कारण माझी नात प्रीती संघाची सेक्रेटरी. पांढरे कापडी बूट आले. हिरवी ट्रंक आली, तिच्यात आपल्याकडच्या हळदीचा डबा. पासपोर्ट आला. हा दुसरा. पहिला कोराच म्हातारा होऊन मेला होता. नेपाळला मतदान कार्ड चालतं, असं प्रीतीनं तीनदा सांगितलं. मार्था म्हणाली, "कार्डावर शिक्का मारतेत का? न्हाई ना?"

"आन एक आयकून ठेव सुले, तिथं मी भिंत रंगवनार. पळीला हात लावनार न्हाई. जल्मभर लावला. आन त्या होडीत बसनार. बोट बुडवनार."

लाज वाटते, पण खरं सांगते. ती एवढ्या वर्षांनी निघाली याचा आनंद मागाहून झाला. आधी मनात आलं, आता पकडले जाणार.

हिंगोलीच्या स्टेशनवर गाडी यायला वेळ होता. मी तिला जरा बाजूला घेतलं.

"मार्था, तिथं आता होडी नसंलबी."

"काहून?"

"लई वर्षं झाली. मोडली आसंल."

"मंग नवी केली आसंल. ते काय आपल्या गावच्या पुलावानी हाय का, मोडला तो मोडलाच?"

"आन तो टोपीवाला..."

"त्याला तुझा सलाम सांगते," ती म्हणाली आणि पांढरे बूट सांभाळत डब्यात चढली. खिडकीतून हात हलवताना अगदी एकोणीस वर्षांची दिसत होती.

दहा-बारा दिवसांनी, शुक्रवारी, मंडळी परतली. प्रीती निम्म्यानं उतरलेली. जेवायला बसली आणि मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "मग? मार्था आजीनं भिंत रंगवली का?"

प्रीतीनं घास खाली ठेवला.

"एक दिवस, आजी. ब्रश हातात घेऊन इतक्या खूश होत्या. दुसऱ्या दिवशी निम्म्या पोरांची पोटं बिघडली तिथल्या जेवणानं. सकाळी बघतो तर त्या चुलीपाशी. मऊ भात, ताक. तिथून पुढं त्या बाहेर आल्याच नाहीत. आम्ही म्हणायचो, राहू द्या, तर म्हणायच्या, तुमची तकलीफ बघवत न्हाई मला."

"आणि... तळं?"

"तळ्याच्या दिवशी मलाच ताप भरला. सगळे निघाले. मी किती सांगितलं, मार्था आजी, तुम्ही जा, मी झोपून राहते. त्या बूट घालून दारापर्यंत गेल्या होत्या. परत आल्या, बूट काढले, आणि हळदीचं दूध करायला लागल्या. म्हणाल्या, माझा नंबर कुठं पळून चाल्ला?"

मला पुढचं ऐकवेना, पण ती सांगत राहिली. जे गेले त्यांनाही डोंगर दिसला नाही. नुसते ढग. होडी पावसामुळे बंद. आणि येताना सीमेवर मार्थानं पासपोर्ट पुढं केला, "मारा की एक," म्हणून फार विनवलं. साहेब हसला, भारतीयांना शिक्का लागत नाही म्हणाला आणि त्यानं तो तसाच परत दिला.

म्हणजे सुलूनं खाल्लेला नंबर सुलूच्या नातीनंही खाल्ला. लेकराचा काय दोष! तिला तर माहीतही नव्हतं की आमच्या घरची ही दुसरी वेळ.

रविवारी उपासनेत साक्ष द्यायची होती. जाऊन आलेल्यांपैकी एकानं उभं राहून सांगायचं. पोरांनी मार्थाचं नाव दिलं. ती पुढं गेली, पांढरी साडी, पांढरे बूट. मी बायकांच्या बाजूला तिसऱ्या बाकावर, शेजारी प्रीती. मी मार्थाकडेच बघत होते. आता ही म्हणणार, तळं न्हाई, होडी न्हाई, सगळं खोटं.

मार्थानं घसा साफ केला.

"देवाची स्तुती असो. आमी गेलो, भिंती रंगवल्या. पोरांनी लई राबून काम केलं. मंग आमी तळ्यावर गेलो."

प्रीतीनं माझ्याकडे वळून पाहिलं.

"होडी व्हती. बर्फाचा डोंगर पान्यात उलटा पडला व्हता, अख्खा. मी वाकून बोट बुडवलं, तर त्याचं टोक थरथरलं. सुलूनं सांगितलं व्हतं तसंच. पोरांनीबी पाह्यलं."

समोरच्या बाकांवर संघाची पोरं बसली होती. ढगांखेरीज काही न पाहिलेली. मग एकानं मान डोलावली, मग सगळ्यांनी.

"लाल टोपीवाला हाय अजून. म्हातारा झालाय आता. त्यानं इचारलं, तुमच्या गावाकून एक पोरगी आलती, उंच टाचेच्या चपला घालून. लई हासायची. कशी हाय ती? म्हनलं, बरी हाय. तीबी म्हातारी झाली."

सगळं चर्च हसून माझ्याकडे बघायला लागलं. मीही हसले. पदर तोंडाला लावला, मग डोळ्यांना.

"आजी," प्रीती कुजबुजली, "त्या गेल्याच नव्हत्या तिथं."

"गप," मी म्हणाले. "मीबी न्हवते गेले."

प्रीतीनं माझा हात धरला. सोडवून घ्यावासा वाटला, पण तिनं घट्ट धरला होता.

बुधवारी त्याच चर्चमागच्या खोलीत महिला मंडळाची सभा असते. मी पोचले तेव्हा दारात मार्था उभी, बगलेत पाट.

"नाव काटून आले तिकडून," ती म्हणाली. "वही माज्याच हातानं उघडली. झाला माझा नंबर."

पाट माझ्या शेजारी मांडून ती बसली. गुडघे चोळू लागली.

"मार्था," मी म्हणाले, "ती होडी..."

"टाचेच्या चपला तरी खऱ्या व्हत्या, न्हवं?" तिनं गुडघ्याकडे बघतच विचारलं.

"व्हत्या."

"मंग झालं. तेवढं तरी खरं बोलले मी देवाच्या घरात."

हजेरी सुरू झाली. मार्थाचं नाव अगदी शेवटी, नव्या शाईत. ती इतक्या हळू "हजर" म्हणाली की वही लिहिणाऱ्या बाईंनी पुन्हा विचारलं, "मार्थाबाई? आल्यात का?"

मग तिच्या वतीनं मीच ओरडले. कडुलिंबावरचा एकही कावळा हलला नाही. तिच्यासारखा आवाज नाही माझा.