मान खाली, नजर चेंडूवर

एका जंगलात, मुलांनो, गोल्फ आला. कुठून आला ते विचारू नका. जंगलात वणवा येतो, माकडताप येतो, तसा तोही आला.

वाघोबांनी क्लब काढला. माळावरचं गवत कापून घेतलं आणि पार पलीकडच्या टोकाला एक खळगा खणला. गोट्या खेळताना तुम्ही गल करता ना, तेवढाच. काठीने चेंडू मारत मारत त्या खळग्यात घालायचा, एवढाच खेळ. माळाच्या कडेचं उंच गवत मात्र वाघोबांनी कापू दिलं नाही. त्याने शोभा येते म्हणाले.

क्लबच्या दारावर पाटी लागली: 'सभासद व सभासदाचे कुटुंबीय यांना खाल्ले जाणार नाही.' सभासद व्हायचं तर दहा फटक्यांत चेंडू खळग्यात गेला पाहिजे.

ही पाटी शिंगाडे नावाच्या सांबराने वाचली. शिंगाडे कळपाचा राखणदार. बाकीचे चरायचे आणि तो मान उंच करून बघत उभा राहायचा. गवत जरा वेडंवाकडं हललं की तो ओरडायचा आणि कळप पळायचा. बायको ढवळी, दोन मेहुणे, आत्या, चुलते आणि पोरंटोरं धरून एकोणीस जणांचा जीव त्या एका मानेवर होता. मान बिचारी दुखायला लागली होती.

"एकदा सभासद झालो की सुटलो," तो ढवळीला म्हणाला. "मग राखणच नको. तुम्ही खुशाल डोळे मिटून चरा."

"आणि तुम्ही शिकेपर्यंत राखण कोण करणार?"

"तुला खेळातलं काही कळत नाही."

उत्तर नसलं की नवरे हेच म्हणतात, मुलांनो. मोठे झालात की तुम्हीही म्हणाल.

शिकवायला बगळे सर होते. तासभर एका पायावर न हलता उभा राहणारा दुसरा गुरू कुठे मिळणार? शिंगाडेने काठी फिरवली. चेंडू जागीच राहिला आणि शेजारचं वारूळ फुटलं. दुसऱ्यांदा फिरवली. चेंडू तिरका जाऊन उंच गवतात पडला.

"तुमची खोड कळली," बगळे सर म्हणाले. "तुम्ही बघता."

"बघायचं नाही?"

"नवशिक्याचा खेळ तिथेच बिघडतो. मान खाली, नजर चेंडूवर. चेंडू गेला तरी मान खालीच. मनात दहापर्यंत मोजा, मग वर करा."

"मग चेंडू कुठे गेला ते कळणार कसं, सर?"

"त्यासाठी घरची माणसं असतात."

म्हणून थोरल्या मेहुण्याला गवतात पाठवलं. गवतात जरा खसफस झाली. शिंगाडे तेव्हा सहापर्यंत आला होता. त्याने नियम मोडला नाही.

"मेहुणा अजून आला नाही," दहा झाल्यावर तो म्हणाला.

"चेंडू शोधायला वेळ लागतो. तुम्ही दुसरा घ्या."

दुसरा घेतला. मग धाकटा मेहुणा गेला. मग चुलते गेले. शिंगाडेचा खेळ मात्र सुधारत गेला, उगाच खोटं का बोला. पहिल्या आठवड्यात पंच्याण्णव फटके लागायचे, ते चाळिसावर आले, मग विसावर. आत्याच्या वेळी तर चेंडू गवताच्या अगदी कडेलाच पडला होता. वाघोबांनी स्वतः कौतुक केलं. त्यांचीही तब्येत हल्ली छान सुधारली होती.

तीन महिने असे गेले. एका सकाळी ढवळी त्याच्याजवळ येऊन उभी राहिली.

"अहो, एकदा मान वर करा. आपण दोघंच उरलोय."

"काल अकरा लागले, ढवळे. आज दहा होतील. आता मान वर केली तर सगळी मेहनत पाण्यात जाईल." मग तो जरा दुखावून म्हणाला, "तुमच्यासाठीच चाललंय ना हे?"

ते खरं होतं. ढवळीलाही ते ठाऊक होतं. सातवा फटका गवतात गेला. हा एक चेंडू आणला की संपलं, असं मनाशी म्हणत ती आत शिरली. चेंडू गडगडत बाहेर आला.

आठ. नऊ. दहाव्या फटक्याला चेंडू टुपकन खळग्यात पडला.

शिंगाडेने शहाण्यासारखं दहापर्यंत मोजलं आणि मान वर केली. वाघोबा मिश्या पुसत गवतातून येत होते.

"अभिनंदन. आजपासून तुमच्या कुटुंबाच्या केसालाही धक्का लागणार नाही."

बगळे सरांनी अर्ज काढला. "कुटुंबीयांची नावं सांगा."

शिंगाडेने माळाकडे पाहिलं. गवत कापलेलं होतं, दूरपर्यंत स्वच्छ दिसत होतं. तो बराच वेळ बघत राहिला आणि बगळे सर चोचीत लेखणी धरून थांबले.

"रकाना मोकळा सोडला तरी चालतो," शेवटी ते हळूच म्हणाले. "आपल्या बऱ्याच सभासदांचा मोकळाच आहे."

तात्पर्य: नवशिक्याने मान खाली ठेवली की खेळ हमखास सुधारतो. वर बघायची खोड असणाऱ्यांनी या खेळाच्या वाटेला जाऊ नये. त्यांचं घर भरलेलं राहतं आणि हात जन्मभर कच्चा.