तबकडीसाठी तीनशे सह्या

सहा आठवड्यांत एकेचाळीस सह्या गोळा करणाऱ्या माणसाने उरलेल्या दोनशे एकोणसाठ सह्या एका शनिवारात मिळवून दाखवण्याची प्रतिज्ञा करावी, याला काही लोक मूर्खपणा म्हणतील. बिरदेव सरगर त्याला नियोजन म्हणत होता!

कुपवाडच्या एका कारखान्यात लेथवर पोलाद कातणारा हा गृहस्थ मूळचा आटपाडीचा. त्याच्या आयुष्यात दोनच निष्ठा होत्या : एक अर्ध्या मिलिमीटरवर आणि दुसरी डीजे सिद्धूवर. सिद्धू मेटकरीने दहा-बारा वर्षांपूर्वी धनगरी ओव्या, गजी ढोल, मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा आणि पाण्याच्या टँकरची घरघर संगणकात कालवून अकरा रिमिक्स रचले होते. ते कधी बाहेर पडलेच नाहीत. चार लग्नांच्या वराती आणि एक तुटकी पेन ड्राइव्ह एवढाच त्यांचा इतिहास. हे अकरा रिमिक्स ग्रामोफोनच्या काळ्याभोर तबकडीवर उमटले पाहिजेत, असा बिरदेवचा ध्यास होता. तबकड्या छापणाऱ्या कारखान्याने कळवले होते, "तीनशे ग्राहकांची सह्यांसह यादी सोमवारपर्यंत द्या, नाहीतर तुमची पाळी पुढच्या वर्षी."

पण पुढचे वर्ष बिरदेवला परवडणारे नव्हते. कारण सिद्धूने स्पष्ट बजावले होते, "हे बघ गड्या, सोमवारपातूर तीनशे माणसं दाव. न्हाईतर मी ती हार्ड डिस्क पुसून टाकणार. लगीनसराई आलीया, लग्नांचं शूटिंग ठेवायला जागा न्हाई माझ्याकडं!"

जगातली एकमेव प्रत, आणि तिच्यावर कोणाच्या तरी हळदीचे चित्रीकरण! अखेर गुरुवारी बिरदेव आटपाडीत मुजीब शिकलगारच्या फ्लेक्सच्या दुकानात दाखल झाला.

"बाजाराच्या दिवशी स्टँडसमोर पंधरा फुटी फ्लेक्स लावायचा," बिरदेव म्हणाला. "खाली टेबल आन् सह्यांची वही. पर फ्लेक्स असा पायजे, की मानूस थबकला पायजे!"

"वाघ टाकू का सिंह?" मुजीबने व्यवसायसुलभ प्रश्न केला. "वर नेत्यांचे फोटो, खाली शुभेच्छुक—"

"छ्या! त्यो समदा बटबटीतपणा. फोटो काळापांढरा. मागं तबकडी. मधी फक्त नाव."

"काळापांढरा?" मुजीबचा हात माउसवर थिजला. "बिरदेवदादा, आपल्याकडं काळापांढरा फोटो म्हंजी—"

"म्हंजी अभिरुची!"

"आवं पर, डोक्यामागं ही गोल तबकडी, जरा देवासारखं—"

"तुला कळत न्हाई, मुजीब. आन् खाली लिही : 'हा आवाज कायम आपल्यात राहो.' बाकी माहिती बारीक अक्षरांत. मोठ्या अक्षरांत वरडणं अडाण्याचं लक्षण हाय!"

वादात बिरदेवला आजवर कोणी हरवले नव्हते. मुजीबनेही तो विक्रम मोडला नाही.

शनिवारी सकाळी दहा वाजता बिरदेव कुपवाडहून मोटरसायकलवर येऊन पाहतो, तो काय! फ्लेक्सखाली शे-दीडशे माणसांची रांग! टोप्या काढलेल्या, माना खाली, डोळे ओले! टेबलावर झेंडूचे हार रचलेले आणि वहीपाशी एक मनुष्य सही करून हुंदका आवरत बाजूला होत आहे. इलेक्ट्रॉनिक संगीताविषयी आटपाडी तालुक्यात एवढी आर्तता दडलेली असेल, याची खुद्द बिरदेवलाही कल्पना नव्हती. त्याचा ऊर ढोलासारखा तट्ट झाला.

एका वृद्ध मेंढपाळाने त्याचा हात धरला. "लय लवकर झालं, लेकरा."

"लवकर कसलं, आबा? धा वर्षं उशीर झालाय!"

वृद्धाने हात सोडला आणि तो दोन पावले मागे सरकला.

"शेवटी तरास लय झाला आसंल," एक बाई म्हणाली.

"झाला की! कुनी इचारत नव्हतं. म्या एकटा धावत व्हतो. आता तुमी समदी आलाय, आता बघा कसा झटक्यात मोकळा हुतोय!"

बाईने पदर तोंडाला लावला.

बिरदेवने वही उघडली. जुन्या एकेचाळीस धरून दोनशे तीन! चहासाठी फेरी मारून येईपर्यंत दोनशे चाळीस! चहा मात्र मिळाला नाही, कारण टपरी बंद होती. पलीकडचे किराणा दुकान बंद, बाजूचे कापडाचे बंद. बाजारात बोकडांचे सौदेसुद्धा थांबलेले! कलेला बाजारपेठेने एवढा मान दिलेला त्याने आजवर ऐकला नव्हता. तेवढ्यात गर्दी फाटली आणि सिद्धूची मावशी, बयाबाई, छाती बडवत आली.

"सिद्धू रंऽऽ! मला न सांगता गेलास रंऽऽ!"

बिरदेवने वर पाहिले. काळापांढरा फोटो. डोक्यामागे वलय. खाली 'हा आवाज कायम आपल्यात राहो.' त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत तबकडीची समग्र माहिती, जी वाचायला शिडी लागली असती. आणि त्याखाली मुजीब, टिपे गाळत उभा!

"मुजीब!" बिरदेव किंचाळला. "तू का रडतोयस? तूच छापलास न्हवं फ्लेक्स?"

"व्हय, दादा," मुजीब नाक ओढत म्हणाला. "पर सकाळी येऊन बघतो तर हार! मला वाटलं, छापल्यावर गेला आसंल!"

"आरं, त्यो जतला सासरवाडीत हाय!"

"घराला कुलूप, फोन लागंना! मानसानं समजायचं काय?"

बिरदेवने वहीत पाहिले. दोनशे सत्त्याऐंशी. आता काय करावे? तेरा सह्यांपुरते गप्प बसले, तर अकरा रिमिक्स अमर होत होते. खरे बोलले, तर हार्ड डिस्कवर हळद चढत होती. लेथवर अर्ध्या मिलिमीटरची लबाडी न करणाऱ्या त्या माणसाला दोन मिनिटे घाम फुटला. पण समोर बयाबाईने जमिनीवर डोके टेकले, आणि तो सत्य सांगण्यासाठी बाजारातल्या ओट्याकडे धावला.

"ऐका! ऐका हो! सिद्धू—"

"श्श्श!" तीनशे माणसांनी एकदम दटावले. नेमकी तेव्हाच शोकसभा सुरू झाली होती आणि दोन मिनिटांची स्तब्धता चालू होती! ओट्यावर माजी सभापती तानाजीराव डोळे मिटून उभे होते. त्यांनी एक डोळा उघडून बिरदेवकडे असे पाहिले, की तो जागीच खिळला. स्तब्धता संपली, पण तानाजीरावांनी माइक घेतला, आणि त्यांच्या हातचा माइक काढून घेण्याचा पराक्रम तालुक्यात कोणाच्याही नावावर नव्हता.

इकडे जतहून आलेल्या जीपमधून उन्हासाठी डोक्याला टॉवेल गुंडाळलेला एक प्रवासी उतरला. बाजार बंद पाहून तो गर्दीत शिरला आणि शेजारच्याला त्याने विचारले, "कोन गेलं?"

"डीजे सिद्धू."

प्रवासी चपापला. त्याने फ्लेक्स पाहिला, गर्दी पाहिली, आणि लगेच ओरडणार एवढ्यात ओट्यावरून आवाज आला, "सिद्धू म्हणजे या तालुक्याचा अलंकार होता!" आपल्याविषयी कोणी चार शब्द चांगले बोलत असताना मध्येच तोंड घालणे सिद्धूला असभ्यपणाचे वाटले. तो खाली बसला. बसल्यावर त्याने मांडीही घातली!

"त्याच्या ढोलाचा ठोका म्हणजे या माळरानाच्या काळजाचा ठोका!" तानाजीराव गर्जत होते. सिद्धूने टॉवेलचे टोक डोळ्यांना लावले. "त्याच्या घंटांच्या नादात आमच्या पूर्वजांची सात पिढ्यांची पायपीट ऐकू येते!" सिद्धू हमसून रडू लागला. शेजारच्याने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "सिद्धू, तू गेलास, पण तुझा साउंड बंद करायची हिंमत या तालुक्यात कुणाची नव्हती आणि नाही!"

"आवं, तुमीच केला की दोनदा, पोलीस बलावून!"

टॉवेल सोडून सिद्धू उभा होता!

पुढच्या क्षणी चार जण पळाले, एक जण बेशुद्ध झाला आणि बयाबाईने पायातली चप्पल काढली. "मेल्या, जिता हायस व्हय!" असे म्हणत तिने भाच्याला आधी चार हाणल्या आणि मग मिठी मारली. आनंदाचा भर ओसरल्यावर मात्र लोकांना आपले नुकसान आठवले.

"माझा बोकड विकायचा राह्यला!"

"वही आण! सही खोडायची हाय माझी!"

बिरदेव वही छातीशी धरून टेबलावर चढला. "खोडा! पर आदी सांगा, मगाशी रडत व्हता ती कशासाठी? ह्या आवाजासाठीच न्हवं? मानूस मेला तर तीनशे, आन् जिता ऱ्हायला तर एकेचाळीस? मेल्यावर हार घालनार आन् जित्यापनी सहीला बी नडनार? ह्यानं आता परत मरून दावायचं काय?"

लोक चुळबुळले. पेन पुढे करणारे हात थबकले. पण मागेही गेले नाहीत. तेवढ्यात सिद्धू ओट्यापाशी गेला.

"सभापती, ते काळजाच्या ठोक्याचं परत एकदा बोला की. कुनी रेकॉर्ड केलंय का?"

"म्या केलंय," मुजीबने मोबाइल उंचावला. "समदं."

"मंग झालं! तबकडीच्या दुसऱ्या अंगाला ह्येच भाषण घालायचं. खाली माझा ढोल, मधी घंटा. लय भारी हुतंय!"

तानाजीरावांचा चेहरा उजळला. "माझं भाषण? तबकडीवर? कायमचं?"

"कायमचं, सभापती."

"आरं, पर रिमिक्स अकरा हायती!" बिरदेव कळवळून ओरडला. "दुसरं अंग दिलं, तर निम्मे बी मावायचे न्हाईत!"

त्याचे कोणीही ऐकले नाही. तानाजीरावांनी वही ओढून घेतली आणि घरातल्या तेरा जणांची नावे लिहून काढली. त्यांत बारसे न झालेल्या नातवाच्या नावाची जागा मोकळी सोडून शेजारी अंगठा मात्र आठवणीने उमटवून घेतला. सभापतींची सही खाली असताना वर खाडाखोड करण्याचे धैर्य कोणाला झाले नाही. पूर्ण तीनशे!

तबकडी निघाली. पहिल्या बाजूला पाच रिमिक्स बसले. उरलेले सहा सिद्धूने, बयाबाईच्या चपलेची शपथ घेऊन, हार्ड डिस्कवर सुखरूप ठेवले. पहिल्या बाजूविषयी बिरदेवने सोळा पानांचे टिपण छापून प्रत्येक तबकडीत घातले. दुसऱ्या बाजूवर मात्र आटपाडीपासून विट्यापर्यंत सगळ्या वराती नाचू लागल्या. 'सिद्धू, तू गेलास' या शब्दांवर तर नवरदेवसुद्धा घोड्यावरून उतरून नाचतात, असे कळते!

परवा कुपवाडला बिरदेव लेथवर असताना जतहून फोन आला.

"तबकडीवालं बिरदेवदादा काय? आमच्या सरपंचांचं बी तसंच एक करून पायजे. सरपंच धडधाकट हाईत, पर त्यांची लय इच्छा हाय."

बिरदेवने यंत्र बंद केले आणि कला, जतन, अभिरुची व तबकडीची पहिली बाजू या विषयांवर त्या गृहस्थाला सविस्तर सुनावले. पलीकडच्याने एकदाही मध्ये तोंड घातले नाही. सगळे ऐकून घेतल्यावर तो अदबीने म्हणाला, "ते समदं खरं हाय, दादा. पर भाषन किती मिनटाचं बसतंय?"

बिरदेवने इकडेतिकडे पाहिले. जवळपास कोणी ऐकत नव्हते.

"बावीस," तो म्हणाला.